दुसऱ्या वर्षाची वर्गणी

मंदिराचा जीर्णोद्धार झाला, कळस चढला, महाप्रसादाच्या पंगती उठल्या, की गावाचा जीव भांड्यात पडतो. मंडपवाल्याचे पैसे चुकते होतात, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती सुतळीने बांधून कपाटात जातात, आणि जीर्णोद्धार समितीची त्यानंतरची बैठक कधी भरली हे कोणालाच सांगता येत नाही. दोन-तीन पावसाळे जातात. सभामंडपाच्या कोपऱ्यात पाझर दिसू लागतो, विजेचे बिल थकते, समईच्या तेलासाठी पुजाऱ्याला पदरमोड करावी लागते. अशा देवळाला पैसा मिळाला नाही असे नसते. पैसा मिळाला, परंतु एकदाच मिळाला.

बांधकामासाठी पैसा उभा करणे जितके कठीण वाटते तितके ते नसते. उभे राहणारे काम डोळ्यांना दिसते, दिवस ठरलेला असतो, भावकीत व आळीत चुरस लागते. ज्याने आजवर कोणत्याही सार्वजनिक कार्याला हात लावला नाही असा मनुष्यही अशा वेळी खिशात हात घालतो. खरा प्रश्न पुढचा आहे. आयुष्यात प्रथमच देणगी देणारा हा मनुष्य पुढील वर्षी पुन्हा कसा देईल? हा प्रश्न आजचा नाही. महाराष्ट्रात तो निदान एकोणीसशे वर्षांचा जुना आहे, आणि पूर्वीच्या लोकांनी त्याचा विचार दगडावर कोरून ठेवलेला आहे.

नाशिकजवळ त्रिरश्मी डोंगरात जी लेणी आहेत त्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. तेथील दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (यालाच ऋषभदत्त असेही म्हणतात) याने कोरविले. लेणे कोरून दिले आणि तो मोकळा झाला, असे मात्र घडले नाही. पावसाळ्यात त्या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांची दरवर्षीची सोय काय, याचा विचार करून त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. पैकी २,००० दरमहा शेकडा एक या दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे, अशी अट होती. मोठ्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे होते. ज्याला हिशेबाची आवड असेल त्याने हे ताडून पाहावे. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिना २०, वर्षाचे २४०. आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा म्हणजे तेही २४०. एका कार्षापणाचीही चूक नाही. शिवाय हा व्यवहार नगराच्या सभेत सर्वांना ऐकविला आणि रीतीप्रमाणे दप्तरी फलकावर नोंदविला, असे त्याच लेखात म्हटले आहे. म्हणजे दान, त्याची ठेव, त्याचा विनियोग आणि त्याची जाहीर नोंद ही सर्व व्यवस्था तेव्हाही होती.

पण उषवदात हा राजाचा जावई होता. राजघराण्यातील माणसास तीन हजारांची ठेव ठेवता येते. सामान्य माणसाने काय करावे, याचे उत्तर पंढरपुरात मिळते.

श्रीविठ्ठलाच्या मंदिरात यादवकाळातील एक शिलालेख आहे. त्याला चौऱ्याऐंशीचा लेख म्हणतात. या शिळेला पाठ घासली म्हणजे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची समजूत होती, आणि शेकडो वर्षांच्या त्या पाठी घासण्याने लेखातील अक्षरे पुष्कळ झिजली आहेत. श्रद्धेने शिळा गुळगुळीत झाली आणि त्या श्रद्धेचाच लेखी पुरावा पुसट झाला, हा योगायोग मोठा चमत्कारिक म्हणावा लागेल. या लेखात आहे काय? कोणा राजाची स्तुती नव्हे. ती आहे देणगीदारांची यादी. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळात देवास कोणी किती दिले त्याची ती नोंद असून भाषा बहुतांशी मराठी आहे. यादवराजा रामचंद्रदेव आणि त्याचा प्रसिद्ध मंत्री हेमाद्रि, म्हणजे आपला हेमाडपंत, यांची नावे त्यात आहेत, आणि ज्यांचे नाव इतिहासात अन्यत्र कोठेही सापडणार नाही अशी साधी माणसेही त्याच शिळेवर आहेत. राजासाठी वेगळी शिळा नाही.

यातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. हा लेख एका दिवशी कोरून पुरा झालेला नाही. एका साली काही नोंदी झाल्या, पुढच्या साली आणखी, त्यापुढच्या साली आणखी. ज्याचे नाव पहिल्या वर्षी कोरले गेले तो दुसऱ्या वर्षी वारीला आला तेव्हा त्याला आपले नाव जागेवर दिसले असेल, आणि त्याच्याखाली नवी नावे वाढलेली दिसली असतील. आजच्या संगमरवरी फरशांचे तसे नाही. त्या एकदाच बसतात. उद्घाटनाच्या दिवशी यादी बंद होते, आणि पुढे काही द्यावे असे कोणाच्या मनात आले तरी त्याच्या नावाला भिंतीवर जागा उरत नाही.

मराठेशाहीत देवस्थानांचा चालू खर्च मुख्यत्वे इनाम जमिनींवर चाले. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी काशी, सोमनाथ, गया येथे मंदिरे उभी केली हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु आपल्या खासगीच्या उत्पन्नातून ठिकठिकाणच्या पूजा-अन्नछत्रांच्या वार्षिक खर्चाचीही त्यांनी तरतूद केली, हे कमी लोक सांगतात. लहान गावातही गुरवाला, घडशाला, दिवाबत्तीला जमिनीचा तुकडा तोडून दिलेला असे. गाव नमुना तीन म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही. ती उघडून पाहिली तर देवस्थान इनामांच्या अशा कित्येक नोंदी आजही आढळतात. मात्र कागदावरची जमीन आणि तिच्यातून प्रत्यक्ष देवापुढे येणारे तेल यांत पुष्कळ गावी फार अंतर पडलेले आहे. त्याची कारणे अनेक आहेत व ती येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. इतके खरे की राजाश्रय गेला, इनामे आटली, आणि सार्वजनिक कार्याचा भार वर्गणीवर आला.

वर्गणी एकदा नव्हे, पुनःपुन्हा कशी मिळवावी, हे महाराष्ट्राला ज्यांनी शिकविले त्यांत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांचे कार्य देवळाचे नव्हते, विधवा स्त्रियांच्या शिक्षणाचे होते. पण पैशाची अडचण सर्व कार्यांना सारखीच असते.

अण्णासाहेबांचे बालपण दापोलीजवळच्या मुरूड गावी गेले. नोकरीनिमित्त बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतील काही भाग गावासाठी नियमाने बाजूला काढावा, या कल्पनेने त्यांनी १८८६ साली ‘मुरूड फंड’ सुरू केला. मुंबईत कमवावे आणि गावाकडे दरसाल थोडे पाठवावे, ही पद्धत आज पुष्कळ गावांची आहे, पण तेव्हा ती नवी होती. पुढे १८९३ साली अण्णांनी विधवेशी विवाह केला तेव्हा याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावात सभेला बसण्याची सोय राहिली नाही.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. अण्णा त्या वेळी पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. लोकांकडे जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या शिलकीतील १,००० रुपये मंडळीस दिले आणि मग कॉलेजच्या सुट्ट्यांत गावोगाव वर्गणीसाठी हिंडू लागले. लोक संशय घेत. विधवांना शिकविण्याच्या नावाखाली हे त्यांचे पुनर्विवाह लावणार, अशी शंका पुष्कळांच्या मनात होती, आणि अण्णांचा स्वतःचा पुनर्विवाह झालेला असल्याने ती शंका निराधारही म्हणता येत नव्हती. अण्णांनी यावर वाद घातला नाही. पुनर्विवाहाच्या चळवळीचे काम त्यांनी आश्रमाच्या कामापासून अलग ठेवले. ज्या कारणासाठी पैसा मागितला त्याच कारणासाठी तो खर्च होईल, एवढी खात्री देणगीदाराला दिली. ही गोष्ट वरवर लहान दिसते. परंतु एकदा देणारा मनुष्य दुसऱ्यांदा देतो की नाही, हे बहुतेक वेळा येथेच ठरते. नंदादीपासाठी घेतलेले पैसे सत्काराच्या शालींवर गेले हे एकदा कळले, की तो देणगीदार भांडत नाही, तक्रार करीत नाही, पुढच्या वर्षी फक्त घरी सापडत नाही.

पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा, १९०० साली, आश्रम हिंगण्यास गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथे ६ एकर जमीन दिली होती आणि झोपडी बांधण्यास पैसेही दिले होते. एका झोपडीत आश्रम सुरू झाला. अण्णा कॉलेजचे काम आटोपून पुण्याहून हिंगण्यास पायी जात व पुन्हा पायी परत येत. या काळात त्यांनी आपली ५,००० रुपयांची विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. घरात याचे स्वागत झाले नाही. आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांनी आपल्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात मनातले काही हातचे न राखता लिहिले आहे. संसारात मुले लहान, शिल्लक शून्य, आणि धनी विम्याचा कागदही देऊन आलेले. कोणत्याही घरच्या बाईला राग यावा अशीच ती गोष्ट होती. परंतु त्याच बाया पुढे स्वतः घरोघर जाऊन आश्रमासाठी वर्गणी मागू लागल्या. ज्याने आधी स्वतः दिले आहे त्यालाच दुसऱ्याकडे दोनदा मागता येते. समितीच्या सभासदांनी स्वतःची पावती सर्वांत आधी फाडावी, ही जी जुनी रीत आहे ती काही उगाच पडलेली नाही.

१९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. त्याची घटना पाहण्याजोगी आहे. दरसाल ठरावीक वर्गणी देणाऱ्या पदवीधरांचे व इतर नागरिकांचे मतदारसंघ करण्यात आले आणि या मतदारांनी निवडलेले प्रतिनिधी विद्यापीठाच्या कारभारात बसू लागले. म्हणजे वर्गणीदार हा केवळ पैसे देणारा राहिला नाही. त्याला विचारले जाऊ लागले. ज्याचे मत घेतले जाते तो आपण होऊन वर्गणी पाठवितो, कारण ती न पाठविल्यास मत जाते.

अशा किरकोळ वार्षिक वर्गण्यांवर विद्यापीठ चार वर्षे कसेबसे चालले. त्यानंतर १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला देण्यात आले. या देणगीचे व्याज शेकडा साडेतीन दराने वर्षाला ५२,५०० रुपये मिळावयाचे होते. मुद्दल अचल आणि व्याज खर्चास, हाच तो नाशिकच्या लेण्यातील हिशेब! मोठा देणगीदार मिळाला की लहान देणगीदारांची गरज संपते, असा एक समज आहे. येथे क्रम उलटा दिसतो. लहानांनी चार वर्षे धीर धरला, म्हणून मोठ्याला देण्यासारखे काही तरी जागेवर उभे होते.

अण्णासाहेबांची कथा येथे संपत नाही. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले, आपल्या निवृत्तिवेतनातून त्याला पैसे दिले आणि वर्गणीसाठी पुन्हा पायी हिंडू लागले. ज्यांच्या वडिलांनी हिंगण्याला वर्गणी दिली त्यांच्या दाराशी हा म्हातारा आता खेड्यातल्या शाळेसाठी उभा राहिला. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, तेव्हा ते शंभर वर्षांचे होते.

याच सुमारास, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी, अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची चळवळ चालविली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभारावा, एवढाच तिचा मंत्र. त्या वेळी रुपयाला ६४ पैसे होते. म्हणजे चौसष्ट घरे हिंडावीत तेव्हा एक रुपया जमणार! शहाण्या लोकांना हे पोरखेळासारखे वाटले असल्यास नवल नाही. पण लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काचेचा कारखाना निघाला. देशातील काचधंद्याचे कितीतरी कारागीर तेथे तयार झाले. एका पैशाची मागणी करण्यात एक शहाणपण होते. एक पैसा देताना कोणाला बायकोला विचारावे लागत नाही, आणि पुढच्या वर्षी तो नाकारण्यास कोणाजवळ कारण नसते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तर पैसाही मागितला नाही. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले एका पंगतीस बसू लागली. त्यांना रोज दोन वेळा जेवू घालावयाचे होते. अडचणीच्या काळात भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, दिले. हे सर्वश्रुत आहे. परंतु संस्था एका बाईच्या दागिन्यांवर चालत नाही. मुष्टिफंडाची योजना अशी, की घरच्या बाईने दळण करताना एक मूठ धान्य मुलांसाठी वेगळे काढून ठेवावे आणि ते गोळा होऊन वसतिगृहास जावे. ज्या घरात रोकड रुपया वर्षातून दोनदा दिसे त्या घरातही दळण रोजचे होते. येथे दुसऱ्यांदा देण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण देणे रोजचे झाले. अशा घरातील बाईला कोणी देणगीदार म्हटले नसेल, कोणत्याही फलकावर तिचे नाव आले नसेल, पण गावात शाळेतला मुलगा दिसला की हा आपल्या जात्यावरचा, असे म्हणण्याचा तिचा अधिकार होता.

आता गावच्या मंदिराकडे यावे. जीर्णोद्धाराच्या निमित्ताने ज्यांची पावती प्रथमच फाटली असे लोक गावोगाव बरेच असतात. मुंबई-पुण्याकडे नोकरीस असलेले तरुण, लग्न होऊन गेलेल्या माहेरवाशिणी, ज्यांच्या आजोबांनी गाव सोडले अशी कुटुंबे, आणि गावातच असूनही आजवर कोणी ज्यांच्याकडे पावतीपुस्तक घेऊन गेलेच नाही अशी हातावर पोट असणारी माणसे. यांपैकी बहुतेकांना देणगीनंतर काहीही कळविले जात नाही. त्यांना पुढची हाक ऐकू येते ती नवे पावतीपुस्तक छापले की. समिती एरवी त्यांना विसरते आणि गरज पडली की आठवते, मग त्यांनी टाळाटाळ केली तर दोष कोणाचा?

नोंदलेल्या देवस्थानास हिशेब ठेवण्याचे व तपासून घेण्याचे बंधन १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमान्वये आहेच. ते तपासलेले हिशेब धर्मादाय कार्यालयाच्या फायलीत जाऊन पडतात. तोच हिशेब, अर्ध्या पानात, सोप्या मराठीत, पहिल्या वर्धापनदिनाच्या आधी प्रत्येक देणगीदाराला गेला पाहिजे. इतके आले, इतके दगडाला व गवंड्यांना गेले, इतके उरले, दिवाबत्तीला महिन्याला इतके लागतात. त्यात मागणी नसली तरी चालेल. किंबहुना पहिल्या पत्रात मागणी नसावीच. मागणी करावयाची वेळ येईल तेव्हा ती लहान व स्पष्ट असावी: एका महिन्याचे तेल, एका एकादशीचा फराळ, पावसाळ्यापूर्वीची गच्चीची डागडुजी. ज्याने एक हजार दिले त्याच्याकडे पुढील वर्षी दोन हजारांची अपेक्षा करणे हा जुलूम आहे. ज्याला यंदा जमत नाही त्याचा पारावर उल्लेख होऊ नये. आणि वार्षिक सभेचे बोलावणे शंभर रुपये देणाऱ्यालाही जावे. तो येणार नाही, पण बोलावणे आले होते हे तो विसरणार नाही.

या स्मरणिकेच्या अखेरीस देणगीदारांची नामावली छापली आहे. नावापुढे रक्कम आहे, गाव आहे. पण पावतीवर पत्त्याची जी एक ओळ असते ती घाईगर्दीत पुष्कळ ठिकाणी कोरी राहून जाते, आणि पत्ता नसलेल्या माणसाला हिशेबाचे पत्र कोठे पाठवावयाचे? सोहळ्याच्या दिवशी बाहेरगावचे बहुतेक सर्व देणगीदार देवळात येतात. महाप्रसादाच्या मंडपात एक टेबल, एक जाड वही आणि सुवाच्य अक्षराचे दोन विद्यार्थी बसविले, तर नाव, पूर्ण पत्ता आणि मोबाईलचा नंबर त्याच दिवशी लिहून होईल.